बंद्या फोटॉनचे सुट्टे

नाशिकरोडच्या बाजारात घाऊक दुकानाच्या गल्ल्यावर जांभळट दिव्याची छोटी पेटी असते. पाचशेची नोट त्या दिव्याखाली सरकवली की साध्या उजेडात न दिसणारे बारीक तंतू कागदात चमकू लागतात, नंबर उजळतो, सुरक्षा धागाही चमकतो. दुकानदार दोन सेकंद पाहतो आणि नोट गल्ल्यात टाकतो. ती नोट कदाचित तिथून जवळच, १९२८ पासून चालू असलेल्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेली असेल. अतिनील प्रकाश आत घ्यायचा आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर टाकायचा, एवढेच त्या तंतूंचे आणि शाईचे काम. पण खऱ्याखोट्याचा निवाडा त्यावर होतो.

प्रकाशाचा रंग बदलून देणाऱ्या पदार्थांत गेली दहा-अकरा वर्षे एका नव्या जातीची चर्चा आहे. पेरोव्हस्काइटचे नॅनोस्फटिक, आणि त्यांत थोड्या प्रमाणात मिसळलेली रेअर अर्थ मूलद्रव्ये. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत या मूलद्रव्यांना विरल मृत्तिका म्हणतात आणि अशा मिसळण्याला सर्रास डोपिंग. या विषयावरचे शोधनिबंध आता शेकड्यांनी आहेत. त्यातले आकडे डोळे दिपवणारे आहेत, आणि सौर पॅनेलपासून नोटांच्या शाईपर्यंत सगळीकडे उपयोगाची आशा दाखवलेली आहे. यातले काय पक्के आणि काय कच्चे, हे एकदा नीट मांडायला हवे. माझे मत आधीच सांगतो. उजेडाचा प्रश्न बराचसा सुटला आहे, टिकण्याचा सुटलेला नाही. आणि नाशिकसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळांना खरे काम या दुसऱ्या प्रश्नात आहे.

सुरुवात शेतातल्या सौर पॅनेलपासून करू. जिल्ह्यात आता विहिरीशेजारी सौरपंपाच्या पॅनेलची रांग दिसणे नवे राहिलेले नाही. त्या पॅनेलमधले सिलिकॉन प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, कसे स्वीकारते? एखाद्या खिडकीवर फक्त पन्नास रुपयांचे तिकीट मिळते आणि सुट्टे परत देत नाहीत असे समजा. वीस रुपये घेऊन आलेला तसाच परत जातो. शंभराची नोट देणाऱ्यालाही एकच तिकीट मिळते, वरचे पन्नास गेले. सिलिकॉनचे तिकीट आहे सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. निळ्या-जांभळ्या फोटॉनजवळ त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते, पण त्यातून एकच इलेक्ट्रॉन सुटतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, पॅनेल तापते, आणि तापलेले पॅनेल आणखी कमी वीज देते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पॅनेलला हात लावून पाहणाऱ्याला हा तोटा चटक्यातून कळतो.

आता खिडकीबाहेर एक माणूस बसवला, जो शंभराची नोट घेऊन पन्नासच्या दोन देतो, तर? एका निळ्या फोटॉनचे दोन अवरक्त फोटॉन करून ते सिलिकॉनकडे पाठवायचे. ही कल्पना जुनी आहे. एका पदराच्या सौर सेलची सैद्धांतिक कमाल मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास असते. फोटॉन मोडून देणारा थर जोडला तर ती ३९ टक्क्यांच्या घरात जाऊ शकते, असा हिशेब २००२ मध्येच ट्रुप्के, ग्रीन आणि वुर्फेल यांनी मांडला होता. अडचण होती ती सुट्टे देणाऱ्याची. इटर्बियम हे मूलद्रव्य त्या कामाला अगदी योग्य. त्याचा उत्सर्जित फोटॉन सव्वा इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तरंगलांबी ९९० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सिलिकॉनच्या तिकिटापेक्षा किंचित वर. शिवाय त्याचे उजेड देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेत, बाहेरच्या कक्षांच्या आडोशाला असतात. त्यामुळे कुठल्याही स्फटिकात बसवा, त्याचा रंग फारसा हलत नाही. पण हाच आडोसा नडतो. इटर्बियम स्वतः प्रकाश फारच कमी शोषते. सुट्टे द्यायला तयार असलेला माणूस नोट हातात घ्यायला मात्र तयार नाही. नोट घेऊन त्याच्या हातात ठेवणारा कुणी मध्यस्थ हवा.

तो मध्यस्थ म्हणजे पेरोव्हस्काइट. १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटेनेटच्या खनिजाला हे नाव मिळाले, आणि त्याच्यासारखी रचना असणाऱ्या सगळ्याच पदार्थांना पुढे ते चिकटले. आपल्या विषयातला पेरोव्हस्काइट सीझियम, शिसे आणि क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीनपैकी एखाद्याचा. २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या कोवालेंको यांच्या गटाने त्याचे चार ते पंधरा नॅनोमीटरचे घनाकृती स्फटिक बनवले. ते इतके तेजस्वी निघाले की शोषलेल्या शंभर फोटॉनपैकी नव्वदपर्यंत परत बाहेर येत होते. त्याच वर्षी पुण्याच्या आयसरमधल्या अंशुमान नाग यांच्या गटानेही सीझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. त्या गटातले अभिषेक स्वर्णकार पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एनआरईएल या प्रयोगशाळेत गेले आणि सीझियम लेड आयोडाइडच्या अशाच कणांपासून १० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचा सौर सेल केला. पुण्याचे नाव या विषयात पहिल्या पानापासून आहे, हे नाशिककरांना ठाऊक असायला हवे.

हे स्फटिक बनतात कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तीन तोंडांच्या काचेच्या फ्लास्कमध्ये शिशाचा क्षार, ओलेइक आम्ल, ओलिलअमाइन आणि ऑक्टाडेसीन नावाचे तेलासारखे द्रव. हवा काढून आत नायट्रोजन भरलेला. तापमान १४० ते २०० अंशांदरम्यान स्थिर झाले की सिरिंजमधून सीझियमचे गरम द्रावण एकदम आत सोडतात. पाण्यासारखे दिसणारे द्रावण क्षणात गढूळते, ब्रोमाइडचे असेल तर पोपटी होते. पाचेक सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात. फोडणी टाकणाऱ्या हाताला जेवढा अंदाज लागतो तेवढाच इथे लागतो. थोडा उशीर झाला की कण मोठे, आणि रंग बिघडला. डोपिंग करायचे असेल तर इटर्बियमचा क्षार आधीच त्याच फ्लास्कमध्ये टाकून ठेवतात.

टाकला म्हणजे आत गेला असे मात्र नाही, आणि हा या सगळ्या विषयाचा कळीचा मुद्दा आहे. शिशाचा आयन दोन धनभारांचा, त्रिज्या ११९ पिकोमीटर. इटर्बियमचा तीन धनभारांचा, त्रिज्या ८७ च्या आसपास. जागा मोठी, बसणारा लहान, आणि वर एक भार जास्त. दहा नॅनोमीटरच्या एका कणात शिशाचे पाच-सहा हजार अणू असतात. त्यातले पाच टक्के बदलायचे म्हटले तरी दोन-तीनशे इटर्बियम आत बसवावे लागतात. भाराचा हिशेब जुळायचा तर तीन शिशांच्या जागी दोनच इटर्बियम येतील आणि एक जागा रिकामी राहील.

एरवी स्फटिकातली रिकामी जागा म्हणजे दोष. इथे तिनेच काम केले. चीनमधल्या जीलिन विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये सीझियम लेड क्लोराइडमध्ये अनेक रेअर अर्थ आयन घालून दाखवले, आणि सिरियम-इटर्बियमच्या जोडीने १४६ टक्के उत्सर्जन मिळाल्याचे जाहीर केले. शोषलेल्या शंभर फोटॉनांमागे १४६ बाहेर. २०१८ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गॅमेलिन यांच्या गटाने हा आकडा १७० पर्यंत आणि पातळ थरांमध्ये १९० च्या वर नेला. दोनशे ही शेवटची भिंत, म्हणजे तिच्यापासून फार अंतर उरले नाही. त्यांनी मांडलेले चित्र असे: रिकाम्या जागेच्या दोन बाजूंना दोन इटर्बियम जवळजवळ बसतात, पेरोव्हस्काइटने शोषलेली ऊर्जा त्या जागेशी अडकते आणि काही पिकोसेकंदांत दोघांमध्ये वाटली जाते. सेकंदाच्या अब्जांश भागाचाही हजारावा भाग म्हणजे पिकोसेकंद. ऊर्जा वाया जाण्याचे इतर मार्ग जागे होण्याआधीच वाटणी उरकलेली असते. पटणारे चित्र आहे, आणि बरीच निरीक्षणे त्याच्याशी जुळतात.

पुण्याच्या गटाने इथे दोन कामे वेगळी केली. एक म्हणजे आधी कण बनवून घ्यायचे आणि मग त्यांच्यात मँगनीज किंवा इटर्बियम घालायचे, ही रीत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आंबा झाडावरून उतरवून अढीत पिकवावा तसे हे. कणाचा आकार आधी ठरतो, डोपिंग नंतर. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते शिशाला बाजूला ठेवते. शिशाच्या दोन आयनांच्या जागी एक चांदीचा आणि एक इंडियमचा घातला की सीझियम-चांदी-इंडियम क्लोराइड हा दुहेरी पेरोव्हस्काइट मिळतो. २०१९ मध्ये त्यांनी त्यात इटर्बियम बसवून अवरक्त उजेड मिळवला. पण हा पदार्थ फक्त ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा खोल अतिनील प्रकाश शोषतो, आणि तसा दिवा महाग पडतो. २०२० मध्ये त्यांनी थोडे बिस्मथ सोबत घातले. शोषण ३७० नॅनोमीटरच्या आसपास सरकले, जिथे बाजारातले साधे अतिनील एलईडी चालतात. बिस्मथ प्रकाश घेते आणि इटर्बियमला किंवा अर्बियमला देते. इटर्बियम ९९४ नॅनोमीटरला उजळते, अर्बियम १५४० ला, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून संदेश धावतात त्या पट्ट्यात. इथे एकाचे दोन होत नाहीत, कारण इंडियम आणि इटर्बियम दोघेही तीन भारांचे, रिकामी जागा तयार होण्याचे कारणच उरत नाही. उजेड शिशाच्या पेरोव्हस्काइटपेक्षा बराच कमी. तरी शिसे नसलेला आणि साध्या दिव्यावर चालणारा पदार्थ म्हणून त्याचे वजन मी जास्त धरतो.

आता कच्च्या बाजू. पहिली अडचण इटर्बियमच्या संथपणाची. पेरोव्हस्काइट ऊर्जा पिकोसेकंदांत पुढे देतो, इटर्बियम मात्र ती दोनेक मिलिसेकंद धरून ठेवते. सुट्टे देणाऱ्याचे दोन्ही हात तेवढा वेळ भरलेले. तेवढ्यात पुढची नोट आली तर ती वाया जाते, आणि आधी धरलेली ऊर्जाही त्या झटापटीत जाऊ शकते. प्रकाश वाढवला की कार्यक्षमता घटते, हे सिॲटलच्याच गटाने २०१९ मध्ये मोकळेपणाने छापले. १७० आणि १९० हे आकडे मंद प्रकाशातले आहेत. भर दुपारच्या उन्हात एवढे मिळेल असे धरून कोणी पॅनेलचा हिशेब मांडत असेल तर तो चुकेल. जीलिनच्या निबंधात सिलिकॉन सेलची कार्यक्षमता १८.१ वरून २१.५ टक्क्यांवर गेल्याचे दिले आहे. या वाढीपैकी किती फोटॉन मोडल्यामुळे आणि किती मूळ सेल अतिनील भागात कमजोर असल्यामुळे, हा हिशेब वाचणाऱ्याने मागायलाच हवा.

दुसरी अडचण ओलाव्याची. हे स्फटिक मुळात क्षार आहेत, मिठासारखे. पाणी लागले की विरघळतात, आणि विरघळले की शिसे मोकळे होते. काच, पॉलिमर किंवा सिलिकाचे कवच घालून त्यांना जपता येते, पण ते कवच पंचवीस वर्षांच्या हमीला उतरेल का? पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या हवेत एक महिना ठेवलेला उघडा नमुना पुरेसे उत्तर देईल.

इथे डोपिंगची एक वेगळी उपयुक्तता सांगायला हवी, कारण ती उजेडाच्या गडबडीत झाकली जाते. २०१९ च्या सुरुवातीला पेकिंग विद्यापीठाच्या गटाने पेरोव्हस्काइटच्या सौर थरात अत्यल्प युरोपियम घातले. वापरात असताना अशा थरात काही शिशाचे धातू होते आणि काही आयोडाइडचे आयोडीन, तिथूनच थर खराब व्हायला लागतो. युरोपियम दोन भारांचे आणि तीन भारांचे अशा दोन्ही रूपांत राहू शकते. ते एकाचा इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्याला देते, दोन्ही दोष भरते आणि स्वतः पुन्हा पहिल्यासारखे होते. सतत प्रकाशात १,५०० तास ठेवल्यावर त्या सेलची ९२ टक्के, आणि ८५ अंश तापमानात तेवढेच तास ठेवल्यावर ८९ टक्के कार्यक्षमता शिल्लक होती. हे नॅनोस्फटिक नव्हेत, पातळ थर आहेत. तरीही मला वाटते रेअर अर्थ डोपिंगचा टिकाऊ वारसा कदाचित इथे असेल. दुरुस्ती करणारा अणू हा उजेड देणाऱ्या अणूइतकाच मोलाचा.

तिसरी अडचण पुरवठ्याची. भारतात रेअर अर्थ येतात किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून. केरळातले चवरा, तमिळनाडूतले मनवलकुरिची आणि ओडिशा इथे आयआरईएल ही सरकारी कंपनी ते काम करते, तिचे मुख्यालय मुंबईत. पण मोनाझाइटमध्ये भर असतो तो सिरियम, लँथनम, निओडिमियम या हलक्या भावंडांचा, इटर्बियम-अर्बियमसारखी जड भावंडे त्यात फारच थोडी. त्यांच्यासाठी जग चीनकडे पाहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने निर्यात-नियंत्रणाच्या यादीत होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम आणि इटर्बियम ही पाच नावे घातली आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय वर्षभरासाठी स्थगित केला. डोपिंगला लागते चिमूटभर, त्यामुळे टनांची चिंता नाही. पण चिमूटभरही शुद्ध माल वेळेवर हातात यावा लागतो.

महाराष्ट्राला रेअर अर्थ डोपिंग नवे नाही, हे आजच्या उत्साहात विसरले जाते. कोणत्याही रुग्णालयातल्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या खिशावर किंवा छातीवर एक चपटा बॅज लावलेला असतो, टीएलडी म्हणतात त्याला. आत धातूच्या छोट्या पट्टीवर पांढऱ्या तीन चकत्या असतात, प्रत्येक रुपयाच्या नाण्याहून लहान. त्या टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, आणि त्यात अत्यल्प डिस्प्रोसियम. किरणोत्सर्गाची ऊर्जा त्या स्फटिकात अडकून बसते. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, चकती तापवली की अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर येते, आणि त्यावरून त्या माणसाने किती मात्रा घेतली ते कळते. ही पद्धत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाली आणि देशभर किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांचे रक्षण करत आली. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही अशा दीप्त पदार्थांवर कित्येक दशके काम चालू आहे. कॅल्शियम सल्फेट तेजात पेरोव्हस्काइटच्या जवळपासही येणार नाही, पण तीन महिने घामात, उन्हात, धुलाईच्या चुकीत टिकून खरा आकडा सांगतो. नव्या पदार्थाला याच मापाने मोजले पाहिजे.

त्या मापाने नाशिकचे उपयोग तपासू. नोटांच्या शाईसाठी कल्पना आकर्षक आहे. पेरोव्हस्काइटची स्वतःची चमक नॅनोसेकंदांत विझते, इटर्बियमची अदृश्य चमक दिवा बंद केल्यावरही दोनेक मिलिसेकंद राहते, आणि ही वेळेची खूण नकलाकाराला साधणे कठीण. युरोच्या नोटा २००२ मध्ये चलनात आल्या तेव्हा उट्रेख्टच्या दोन शास्त्रज्ञांनी त्यांचा लाल उजेड तपासून त्यात युरोपियम असल्याचे ओळखले होते, म्हणजे रेअर अर्थ आणि नोट यांचे नाते जुने आहे. पण नोट घडी पडते, भिजते, खिशात घामेजते, बाळांच्या तोंडात जाते. शिशाचा हॅलाइड पेरोव्हस्काइट तिथे नको, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदाच वापरून टाकायच्या सीलबंद वेष्टनावर शिसे नसलेली शाई, एवढ्यापर्यंत विचार करता येईल.

द्राक्षबागांचेही तसेच. अवकाळी पावसापासून बाग वाचवायला प्लॅस्टिकचे आच्छादन घालणारे शेतकरी वाढत आहेत, आणि त्या आच्छादनात रंग बदलणारे कण घालून पिकाला सोयीचा प्रकाश द्यावा अशी सूचना अधूनमधून वाचायला मिळते. २०१० चा हंगाम आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी लिहोसिनच्या, अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली आणि कित्येक घरे कर्जात गेली. त्या घडावर शिसे असलेले छत ताणायचा विचारही नको. याउलट अवरक्त दिवा बागेच्या कामाचा आहे. मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचे थेंब न टाकता साखर आणि पाणी अजमावायची तर अवरक्त प्रकाशच लागतो. त्यासाठी एका रेषेचा नव्हे, रुंद पट्ट्याचा उजेड हवा. बिस्मथ-इटर्बियमसारख्या जोड्यांत आणखी एखादा सोबती घालून तो मिळवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. मला विचाराल तर नाशिकला यातली ही वाट सर्वांत जवळची.

आणि ही वाट चालायला इथे माणसे आहेत. के.टी.एच.एम. महाविद्यालयात आणि मालेगावच्या म.स.गा. महाविद्यालयात वायू ओळखणाऱ्या जाड थरांच्या संवेदकांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. ऑक्साइडची पेस्ट करून स्क्रीन-प्रिंटिंगने थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, त्यात परके अणू घालून गुण बदलायचे, वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि तापमानात मोजायचे. विषय वेगळा, पण हात तोच. भट्टी आहे, आर्द्रतेची पेटी आहे, नोंदी ठेवायची सवय आहे. उणीव आहे ती अवरक्त उजेड मोजणाऱ्या वर्णपटमापीची, आणि ते यंत्र पुणे-मुंबईच्या संस्थांत मिळू शकते.

मोठ्या संस्थांना नवा उच्चांक गाठायची घाई असते. तोच नमुना हजार, दोन हजार तास आपल्या हवेत ठेवून दर आठवड्याला मोजत राहणे कुणाच्याच वाट्याला येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पदव्युत्तर विभागांनी हे काम अंगावर घ्यावे. शिसे नसलेले नमुने पुण्याकडून मागावेत, एक संच चांदवडच्या उन्हात, एक इगतपुरीच्या पावसात, एक बागेतल्या फवारणीच्या हवेत ठेवावा, आणि घटत गेलेला आकडाही तितक्याच अभिमानाने छापावा.